रांग कोणी मोडली?

निवडणूक जवळ आली की भल्या माणसाच्या घरातही एक प्रश्न पाहुण्यासारखा येऊन बसतो: प्रचाराला पैसा कुठून आणायचा?

नातालिया बेटनकोर्टच्या घरी तो २०२२च्या उन्हाळ्यात आला. कॅलिफोर्नियातल्या गोठ्यांच्या मुलुखात सॅन अमारो नावाच्या छोट्या शहरात ती गुरांची डॉक्टर होती आणि नगर परिषदेची सदस्यही. शहराच्या पूर्व टोकाला विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नव्हते. तिकडे नळ नेण्याचे काम तिने अर्ध्यावर आणले होते. तिच्याविरुद्ध उभा राहिलेला धनिक मात्र या कामाला उधळपट्टी म्हणत होता आणि प्रचारावर स्वतःचा पैसा पाण्यासारखा ओतत होता. नातालिया हरली, तर नळ अर्ध्या वाटेतच थांबणार होता.

एका देणगीदाराकडून उमेदवाराने किती घ्यावे, याला राज्याच्या कायद्याने मर्यादा घातली होती. मात्र एखाद्या शहराला स्वतःचा नियम करायचा असेल, तर तशी मोकळीकही दिली होती. शहराने मर्यादा कमी करावी, वाढवावी, वाटल्यास काढूनही टाकावी. आता परिषदेपुढे ठराव आला होता, की सॅन अमारोत मर्यादाच नको. पाच सदस्यांपैकी दोघे बाजूने, दोघे विरुद्ध. पाचवे मत नातालियाचे. आणि गोदामे बांधणारे ड्वेन केसलर तिला म्हणाले होते, "मर्यादा उठली, तर तुमच्या प्रचाराची काळजी माझ्यावर सोडा."

शहराच्या वार्षिक सणाच्या आदल्या दिवशी नातालिया आपल्या धर्ममातेच्या, ओडिलियाबाईंच्या ओट्याशी पुदिना निवडत बसली होती. ओडिलियाबाई निवृत्त शिक्षिका. अर्ध्या शहराला त्यांनीच नागरिकशास्त्र शिकवले होते.

"राजधानीत बसलेले लोक कोण गं आम्हाला शिकवणारे?" नातालिया तावातावाने म्हणाली. "त्यांनी आमची एक तरी विहीर पाहिलीय का? शहर आमचं, नियमही आमचा!"

"अगदी बरोबर."

"म्हणजे तुला पटलं?"

"शहराला अधिकार हवा, हे मीच तुला शाळेत शिकवलं. फळ्याचा अधिकारही दिला होता तुला. त्यावर तू काय लिहून ठेवलंस?"

नातालिया हसली. "तुझं टोपणनाव."

"तेच म्हणते मी. खडू हातात आला, आता लिहिणार काय?"

"अगं, केसलर वाईट माणूस नाही. त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं नाही."

"मग देतायत कशाला?"

"त्यांना माझं काम आवडतं."

"मलाही आवडतं. म्हणून मी पुदिना निवडायला बसवलंय तुला!"

दुसऱ्या दिवशी पवित्र आत्म्याचा सण होता. पूर्वजांनी अझोरेस बेटांवरून आणलेली रीत सॅन अमारोने आजही मोडलेली नाही. ज्याला ऐपत आहे त्याने गाय द्यायची, सगळे मांस एकाच चुलाणावरच्या हंड्यांत शिजायचे आणि पुदिना घातलेल्या पावावर ओतलेला तो रस्सा साऱ्या शहराने रांगेत उभे राहून फुकट जेवायचा. कोणाच्या वाडग्यात कोणाची गाय, हे देवालाही सांगता येणार नाही.

केसलरनी यंदा दोन गायी दिल्या होत्या. टोपी हातात धरून तेही रांगेत उभे होते. जेवणाच्या सभागृहाच्या दाराशी पाहुण्यांचे स्वागत करणाऱ्या नातालियाने त्यांना पाहिले मात्र, आणि ती लगबगीने पुढे झाली.

"अहो केसलर, तुम्ही कसले रांगेत उभे राहता? या, या!"

रांगेत सर्वांत पुढे एर्मेलिंदोकाका होते. आयुष्यभर गोठ्यांत धारा काढलेले, पूर्व टोकाला राहणारे. दोन्ही हातांना दोन नाती.

"काका, जरा थांबता का?" नातालिया म्हणाली.

"थांबतो की, डॉक्टरीणबाई," काका हसत म्हणाले. "नळासाठी थांबलोच आहोत, त्यात हे थोडं आणखी."

केसलर पहिल्या टेबलाशी बसले. नातालिया आत गेली, तर ओडिलियाबाई हातातली पळी खाली ठेवून तिच्याकडेच पाहत होत्या.

"त्यांनी पुढची जागा मागितली होती?"

"नाही."

"पैसे आले त्यांचे?"

"अजून नाही."

"अजून छदामही आला नाही, आणि तुझे पाय आपसूक त्यांच्याकडे धावले! आल्यावर काय होईल, पोरी?"

नातालियाने मान वळवून पहिल्या टेबलाकडे पाहिले.

"त्यांची गाय हंड्यात गेली, म्हणून तिचं ओझं कोणावर नाही," ओडिलियाबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "प्रचाराचा पैसा हंड्यात जात नाही गं, एकाच वाडग्यात जातो. राज्यानं दाराची किल्ली शहराकडे दिली, हे चांगलंच झालं. पण किल्ली दिली म्हणून कोणी दारच उखडून टाकतं का?"

नातालियाने दाराबाहेर पाहिले. काकांची धाकटी नात टाचा उंचावून हंड्यांकडे बघत होती. अरेरे! ज्यांच्यासाठी निवडणूक जिंकायची, त्यांनाच आपण मागे सारले! ती तशीच बाहेर गेली आणि एर्मेलिंदोकाकांची माफी मागून तिने तिघांना स्वतः वाढले.

परिषदेत तिने ठरावाविरुद्ध मत दिले. एवढ्यावर न थांबता, शहराच्या अधिकारात राज्यापेक्षाही कमी मर्यादा घालावी, असा नवा ठराव तिने मांडला. पुढे तो तीन विरुद्ध दोन मतांनी संमत झाला.

केसलर तिला परिषदेच्या पायऱ्यांवर भेटले. ते रागावले नव्हते, दुखावले होते.

"मी तर रांगेतच उभा होतो, डॉक्टर. तुम्हीच मला पुढे बोलावलंत."

"म्हणूनच," नातालिया म्हणाली. "ही मर्यादा तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे."

मग तिने दारोदार फिरून प्रचार केला. सुरुवात पूर्व टोकापासून. नोव्हेंबरात ती निवडून आली, तीही जेमतेम. पण हरली असती, तरी मी तुम्हाला हीच गोष्ट सांगितली असती.

नागरिकहो, आपले नियम आपण करावेत, हा हक्क मोलाचा आहे. तो आपल्या शहरासाठी जरूर मागावा. पण हाती आलेल्या अधिकाराने आधी स्वतःला वेसण घालावी. देणारा सज्जन असला, तरी घेणाऱ्याचे मन वाकतेच. लोकशाहीची रांग पैसेवाला मोडतो, असे आपण सहज म्हणतो. पुष्कळदा त्याला हाताला धरून पुढे नेणारे आपणच असतो.