बेचाळीस नळांचे फोटो

वाहतं पाणी मला चांगलं जमतं, हे आधीच सांगून टाकते, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. तळेगाव ढमढेरेत एसटी स्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट सगळंच करते, पण लोक लांबून येतात ते पाण्यासाठी. भीमेच्या बंधाऱ्यावर नवरानवरीच्या मागे पांढरंशुभ्र पाणी हवं असेल तर गौतमीकडे जा, असं पार दौंडपर्यंत म्हणतात. एका चहावाल्याच्या फ्लेक्ससाठी मी बशीतून सांडणारा चहा टिपला होता. वीस कप फुकट गेले आणि एकविसाव्याला हवी ती धार सापडली. तो फ्लेक्स अजून लावलेला आहे.

म्हणूनच विक्रम माझ्याकडे आला. माझ्या मावशीच्या गावातल्या पाणीयोजनेचा हा ठेकेदार. गावाचं नाव लिहीत नाही, शिरूर आणि दौंडच्या मधलं आहे, एवढं पुरे.

"ताई, वस्तीतल्या बेचाळीस नळांचे फोटो पायजेत," तो म्हणाला. "नळ चालू, शेजारी घरातली बाई, खाली लोकेशन आन् टायमिंग. त्याबिगर फाईल पुढं सरकत न्हाई."

वस्ती म्हणजे ओढ्यापलीकडची आमची बौद्धवस्ती. माझी मावशी सोजरबाई तिथंच राहते. दारोदार नळ बसले होते, पण त्यातून थेंब आलेला नव्हता. गावाच्या टाकीचं पाणी ओढ्याच्या अलीकडच्या घरांतच संपायचं आणि वस्तीला दिवसाआड टँकर यायचा.

"नळाला पाणी कुठंय पण?" मी विचारलं.

"टेस्टिंगला सोडतोय की. व्हॉल्व्हच्या खोलीतनं टँकर लाईनला जोडायचा, फोटो काढायचे. महिन्यात रेग्युलर चालू. सगळीकडं असंच करत्यात ताई, आधी फोटो, मग पाणी."

मी हो म्हणाले. मला कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. कळलं होतं, पण महिन्याभरात पाणी येणार असेल तर काय बिघडलं, अशी मी स्वतःची समजूत काढली.

फोटोच्या दिवशी वस्तीतल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून नळापाशी उभ्या राहिल्या. मावशीनं जयंतीची पांढरी साडी काढली. फोनवर सगळ्यांचे सरकारी फोटो झाले. ते पुरेसे होते. पण उंबऱ्यावर तिरकं ऊन आलं होतं, मावशीचा पितळी हंडा काठोकाठ भरत आला होता, आणि माझ्या हातांना खाज सुटली. मी मोठा कॅमेरा काढला. हंडा भरताच मावशीचा हात नळाकडे गेला.

"मावशी, बंद नको करू. जरा वाहू दे."

तिनं माझ्याकडे बघितलं. ही बाई तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळते आणि तेच पाणी शेवग्याला घालते. पण भाची सांगतेय म्हणून तिनं हात मागे घेतला. पाणी हंड्यावरून उतरलं, उंबऱ्यावर पसरलं, तिच्या पायांवरून अंगणात गेलं. मी चिखलात पालथी पडून फोटो काढले. त्यातला एक माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आहे. खाली स्टुडिओचं नाव टाकून मी तो मोठ्या तोऱ्यात विक्रमला पाठवला.

आठवड्यानं वस्तीचा टँकर बंद झाला. नळाला पाणी येतंय, बेचाळीस फोटो आहेत, मग टँकर कशाला? एप्रिलच्या उन्हात बायका दीड किलोमीटरवरच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवरून पाणी वाहू लागल्या. विक्रम माझा फोन उचलेना. मावशी मला एका शब्दानं बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ग्रामसभेत टँकरचा विषय निघणार म्हणून मी स्टुडिओ बंद ठेवून गेले. शाळेच्या हॉलमध्ये तालुक्याहून आलेल्या साहेबांनी पडद्यावर फोटो दाखवायला सुरुवात केली. चौथा फोटो माझ्या मावशीचा. हंडा, उंबरा, पाय, ऊन, सगळं भिंतभर.

"हे बघा," साहेब म्हणाले. "अर्ध्या तालुक्यात टँकर चालू आहेत आणि या आजी पाणी अंगणात सोडून फोटो काढून घेतायत. हा अपव्यय आहे. यांना नोटीस काढा, ऐकलं नाही तर कनेक्शन तोडा."

हॉलमध्ये हशा पिकला. मावशी पुढच्याच सतरंजीवर बसली होती. तिनं पदर कपाळावर ओढला आणि खाली बघत राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी उठले. "साहेब, हा फोटो माझा आहे. पाणी टँकरचं होतं. वाहू दे म्हणून मीच तिला सांगितलं. त्या नळाला आजवर पाणी आलेलं नाही."

विक्रम खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "ताई, खाली तुमचंच नाव हाय. तवा खोटा फोटो काढला का आत्ता खोटं बोलताय, ते तरी सांगा."

पुन्हा हशा. त्याचं तोंड फोडावंसं वाटलं आणि त्याच वेळी हेही कळत होतं की तो म्हणतोय ते खरं आहे.

"पाणी येत नाही याचा पुरावा आहे का?" साहेबांनी विचारलं.

"कोरड्या नळाचा फोटू तर कुनीबी काढंल," विक्रम म्हणाला. "नळ बंद केला की झालं."

तेव्हा मावशी उठली. "सायेब, फोटू ऱ्हाऊ द्या. तुमीच चला. डोळ्यानं बघा."

वस्तीतल्या पोरींनी फोन वर धरले होते, त्यामुळे साहेबांना नाही म्हणता येईना. जेवण करून तीन वाजता येतो म्हणाले. विक्रम तेवढ्यात हॉलमधून नाहीसा झाला होता.

तीनला साहेब मावशीच्या दारात आले. विक्रम हसत मागे उभा. साहेबांनी नळ फिरवला आणि धो धो पाणी आलं.

मावशीनं ओंजळ धरली, वास घेतला. "टँकरचं हाय," ती मला हळूच म्हणाली. "गंजाचा वास येतोय." मी वळून बघितलं. व्हॉल्व्हच्या खोलीमागे टँकरचं निळं टोक दिसत होतं.

"साहेब, तो बघा टँकर!" मी ओरडले.

"तो रस्त्याच्या कामाचा हाय," विक्रम म्हणाला.

"खोली उघड मग."

"चावी प्लंबरकडं. तो गेलाय दौंडला."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "पाणी तर येतंय. चला, मला शिरूरला मीटिंग आहे." ते वळले. संपलं, आता उन्हाळाभर टँकर नाही, असं मला वाटलं आणि रागानं रडू यायला लागलं.

मावशीनं आतून खुर्ची आणली आणि बरोबर साहेबांच्या वाटेत ठेवली.

"बसा सायेब. च्या घ्या."

"नको आजी, उशीर होतोय."

"आमच्या घरातला च्या चालतो न्हवं तुमाला?"

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. पोरींचे फोन वरच होते. बौद्धवस्तीत, एवढ्या माणसांसमोर, या प्रश्नाला नाही म्हणणं कुठल्याही साहेबाला परवडत नाही. ते घाईघाईनं बसले. "असं काय बोलता आजी, आणा की."

मावशी दारात आली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं ताईबाई! समदे नळ सोडा गं! एकीनंबी भांडं लावायचं न्हाई!"

मला आधी कळेना. मग एकेका दारात नळ सुटू लागला. बेचाळीस नळ. पाणी अंगणांतून वाहत गल्लीत आलं, गल्लीतून ओढ्याकडे निघालं. शेजारची ताईबाई कळशी घेऊन नळाकडे धावली, मधेच थांबली आणि रिकामी कळशी पोटाशी धरून उभी राहिली. तीन आठवडे डोक्यावरून पाणी आणलेल्या बायका ते चिखलात जाताना बघत होत्या.

विक्रमचा रंग उडाला. "नळ बंद करा! पाणी वाया चाललंय!"

"जाऊ दे की," चुलीपाशी बसलेली मावशी म्हणाली. "रोज येतंय न्हवं? आमी उद्या भरू."

तिनं माठ कलता करून तळाचं पाणी पातेल्यात घेतलं. नळाचं घेतलं नाही. साहेब दोनदा उठायला लागले. "कच्चा च्या देत न्हाई मी सायेब. उकळू द्या," असं म्हणून तिनं दोन्ही वेळा त्यांना बसवलं. मुद्दाम बारीक जाळ ठेवला होता तिनं. विक्रम फोन कानाला लावून खोलीकडे पळाला. एवढ्या वेळात दुसरा टँकर कुठून येणार होता?

साहेबांच्या हातात कप आला तेव्हा धार करंगळीएवढी झाली होती. अर्धा कप झाला आणि नळ फुरफुरला. दोन थेंब पडले आणि थांबला. गल्लीतले सगळे नळ एकामागून एक तसेच गप्प झाले.

साहेब कप हातात धरून नळाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, याचा फोटो घ्या. रेकॉर्डला लागेल."

"तुमच्या फोननं तुम्हीच काढा," मी म्हणाले. "मी काढला की नोटीस माझ्या मावशीला येते."

ते लाल झाले. पण उठले, नळ पूर्ण उघडा ठेवून स्वतः फोटो काढला, पोरींच्या फोनसमोर म्हणाले की नोटीस रद्द, टँकर परवापासून चालू, ठेकेदाराची चौकशी लावतो. चहा संपवला, कप मावशीच्या हातात दिला आणि गेले.

टाळ्या झाल्या. मी नाही वाजवल्या. पाच हजार लिटर पाणी ओढ्यात गेलं होतं, आणि टँकर परवा येणार होता. एका माणसाला खरं दिसावं म्हणून या बायकांना तेवढं पाणी मातीत घालावं लागलं, आणि त्या माणसाला खोटं दाखवलं होतं मी.

घरात गेले तर मावशी साहेबांचा कप घेऊन उभी होती. माठ चुलीशी उपडा पडला होता.

"दे, मी धुते," मी म्हणाले.

"कशानं?" मावशीनं विचारलं. तिनं कप पदरानं पुसला आणि फळीवर ठेवला.