पखवाजाला मानवणारी हवा

शरदिनीने नोकरीच्या तिसऱ्याच आठवड्यात एक चिठ्ठी लिहिली आणि त्या चिठ्ठीने पुढे तिचा चांगलाच घाम काढला. बनारसचा भादवा ज्यांनी काढलाय त्यांना घाम म्हणजे काय ते सांगायला नको.

साल चौऱ्याहत्तर. अस्सी घाटाच्या बाजूला एका संगीत-न्यासाने ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ बांधला होता. पुण्यात शिकलेली शरदिनी तिथे मुद्रणाची प्रमुख म्हणून आली. वय अठ्ठावीस, आणि हुशारी जरा उतू जाणारी. मे महिन्यात, बाहेर लूचा वारा भाजून काढत असताना, ती तळघरातल्या एसी प्लांटमध्ये उतरली. पाहते तर काय, हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या पुढ्यातच विजेच्या हीटरची रांग बसवलेली! आधी गार करायचं आणि मग गरम करायचं, हा कुठला उफराटा कारभार? तिने वर जाऊन कागद ओढला आणि लिहिलं की हे हीटर निरुपयोगी आहेत, काढून टाकावेत, विजेची बचत होईल. कामाच्या सूचना कपाटात झोपतात, पण काटकसरीच्या सूचनेला लगेच पाय फुटतात. आठवड्यात हीटर निघाले आणि भंगारात गेले.

प्लांट सांभाळणारे नरहर गोरे तेवढे एकदा वर आले. दूधविनायकावरच्या गल्लीतले, पाच पिढ्या काशीत मुरलेले, पन्नाशीचे गृहस्थ. वडील याज्ञिकी करत. यांनी मात्र बर्फाच्या कारखान्यात नोकरी धरली आणि तिथे थंडीशी जी ओळख झाली ती कायमची.

"ताई, भादव्यात लागतील ते," एवढंच म्हणाले.

"भादव्यात बघू," शरदिनी म्हणाली.

भादवा आला. गंगा पायऱ्या गिळत वर चढली, नावा बंद झाल्या, भिंतींना पाझर फुटला आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी धरली. नेमक्या त्याच दिवसांत दुर्गाघाटावरून बिंदुमाधवबुवांचा निरोप आला, 'मुद्रणाला बसतो.'

बुवा एक्याऐंशी वर्षांचे. त्यांच्या आजोबांनी पखवाजासाठी तीस परणी बांधल्या होत्या. परण म्हणजे बोलांची अशी बांधलेली रचना, की ती हातातून हातातच जायची; कागदावर लिहिली तर सांगाडा उरतो. त्या तीस परणी आता एकट्या बुवांच्या हातात होत्या. एक शिष्य गेला, दुसरा बँकेत चिकटला आणि पखवाजावर त्याने कपडे वाळत घातले. बुवांनी चाळीस वर्षं माइकला जवळ येऊ दिलं नव्हतं. या वर्षी दम्याने छाती धरली तेव्हा त्यांचं त्यांनाच वाटलं, की हे माझ्याबरोबर मणिकर्णिकेवर जायला नको.

ते आले. गल्लीतून मैदागिनीपर्यंत चालत, तिथून रिक्षाने, मांडीवर पखवाज तान्ह्या पोरासारखा धरून. स्टुडिओत बसले, पहिली थाप मारली आणि लगेच खोकल्याची अशी उबळ आली की शरदिनी पाणी घेऊन धावली.

"अगं बेटी, ही हवा आहे की पूसचा जाडा?" बुवा धापा टाकत म्हणाले. "भादव्यात थंडीने मारशील म्हाताऱ्याला!"

तिने खाली फोन करून गारवा कमी करायला सांगितला. खोली उबदार झाली, बुवांचा श्वास मोकळा झाला. पण वीस मिनिटांत पखवाजाचं कातडं ओल पिऊन सैल पडलं. बुवांनी हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकले, पुन्हा ठोकले. थाप मारली की आवाज भिजलेल्या पापडासारखा. परत गारवा वाढवला, पखवाज सावरला, खोकला आला. दिवसभर हाच खेळ. संध्याकाळी टेपवर एकही धड परण नव्हती, खोकले मात्र स्वच्छ उतरले होते.

बुवांनी पखवाजाला खोळ घातली. "रविवारी अजून एकदा येईन. शरीरात बळ तेवढंच आहे. नाही जमलं तर महादेवाची इच्छा."

महादेवाची इच्छा कशाला, आपली चिठ्ठी! शरदिनीला रडूच फुटायचं बाकी होतं. ती तशीच तळघरात गेली. नरहर दोन थर्मामीटर घेऊन बसले होते; एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला ओलं फडकं. दोघांतल्या फरकावरून हवेतली ओल कळते. त्याचा तक्ता भिंतीवर होता, पण नरहरांना तो तोंडपाठ होता.

"हीटर मी काढायला लावले," ती म्हणाली. "चिठ्ठी माझी होती."

"ठाऊक आहे ना. खाली सही होती."

"मग भांडला का नाहीत?"

"मे महिन्यात कोण पटवून घेणार, ताई? तेव्हा हवाच सुकी होती, तुमची चिठ्ठी तेव्हा बरोबरच दिसत होती." मग त्यांनी ओलं फडकं काढून तिच्यासमोर पिळलं. "हे बघा. हवेतलं पाणी काढायचं तर ती आधी खूप गार करावी लागते. अशी पिळून निघते. पण पिळलेलं कापड गारच राहतं ना? मग त्याला ऊन दाखवायचं. हीटर म्हणजे ते ऊन होतं. सुकी हवी आणि गारही नको, तर दोन्ही पाहिजेत."

सहा वर्षं ती हे शास्त्र शिकली होती, आणि या माणसाने एका फडक्यात सांगून टाकलं. लाजेने तिचे कान तापले. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा कौतुकच जास्त वाटलं तिला.

नवे हीटर कलकत्त्याहून यायला महिना लागणार होता. रविवार चार दिवसांवर. नरहरांनी अर्धा दिवस डोकं खाजवलं आणि मग पायात चपला सरकवून तिला म्हणाले, "चला, दिनानाथकडे."

दिनानाथ हा चौकातला लाइटवाला. लग्नाच्या वरातींना रोषणाई पुरवायची हा त्याचा धंदा. दुकानाच्या माळ्यावर दोनशे वॅटचे बल्ब पेट्यांतून गवतात निजलेले होते. चातुर्मास, देव झोपलेले, तेव्हा लग्नं बंद आणि दिवेही बंद. नरहरांनी साठ बल्ब मागितले.

"ले जाइए, पंडितजी," दिनानाथ म्हणाला. "कातिक तक तो भगवान के साथ ये भी सो रहे हैं। लेकिन ब्याह किसका है?"

"पखावज का," नरहर गंभीरपणे म्हणाले.

पुढचे तीन दिवस शरदिनीने जे पाहिलं ते ती जन्मात विसरली नाही. जुन्या हीटरच्या जागी नरहरांनी पत्र्याची पेटी ठोकून बसवली, आत चिनी मातीच्या होल्डरांच्या ओळी लावल्या, वायरिंग स्वतःच्या हाताने तीनदा तपासलं. चार-चार दिव्यांना एकेक बटण, म्हणजे ऊब चमच्याने वाढावी तशी वाढता येईल. वीज वरखाली झाली की ऊब बदलणार, म्हणून कोणीतरी सतत थर्मामीटर बघत बटणांशी बसायचं. कोणी म्हणजे तेच. ना बडबड, ना तोरा. पुण्याच्या तिच्या एकाही प्राध्यापकाचे हात असे चालत नव्हते.

रविवारी बुवा आले. आत पाऊल टाकून थबकले, नाकाने हवा ओढली, पुन्हा ओढली. खोकला नाही. बसले, डाव्या तोंडाला कणीक लावली, उजव्यावर थाप टाकली. 'धा' असा उमटला की काचेपलीकडे बसलेल्या शरदिनीच्या अंगावर काटा आला. खणखणीत आणि गोल. म्हातारा खुद्कन हसला.

मग त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. परण झाली की बोटांवर मोजायचे, घोटभर पाणी प्यायचे, पुढची धरायचे. मेघासारखी एक, हत्तीच्या चालीची एक, आणि सातवी तर इतकी अवघड की संपल्यावर स्वतःच "वाह, आजोबा!" म्हणाले. दुपार कलेपर्यंत एकोणतीस परणी टेपवर उतरल्या, आणि पखवाजाला त्यांना एकदाही हातोडी लावावी लागली नाही.

एकोणतिसावी संपल्यावर ते थांबले.

"बेटी, आज ही हवा कोणी धरलीय?"

तिने सांगितलं. नरहर, दूधविनायकाचे, तळघरात आहेत.

"बोलव त्याला. शेवटची त्याच्यासमोर वाजवीन. साथ करणारा खाली बसलाय आणि मी वर एकटा वाजवतोय, हे बरं नाही."

शरदिनी धावत खाली गेली. नरहरांचं कपाळ घामाने निथळत होतं. त्यांनी मान हलवली. "मी उठलो तर बटणं कोण बघणार? लाइट सारखी वरखाली होतेय. पाच मिनिटांत पखवाज बसेल."

"मी बघते. तुम्ही जा."

"आणि तुमचं मशीन?"

वर मशीनवर दुसरं कोणी नव्हतं. टेप संपत आली होती. नवी चढवून, पातळी लावून, तिच्याशिवाय ते होणार नव्हतं. म्हणजे तिसावी टेपवर येणार नाही, हा हिशेब तिला जिन्यातच कळला होता. बुवांना थांबवून ठेवावं, तर त्यांचे खांदे आता पडू लागलेले तिने काचेतून पाहिले होते. तिने नरहरांच्या हातातून थर्मामीटर काढून घेतले.

"सहा वर्षं हे यंत्र चालवताय, वर बसून काय ऐकलंत?"

"काही नाही," नरहर म्हणाले. खरंच काही नाही. मुद्रण चालू असताना त्यांची जागा इथेच असायची.

"मग जा. बुवा थांबलेत."

ते गेले. ती बटणांशी बसली. कॉम्प्रेसरच्या घरघरीत वरचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. कोरडा पारा जरा उतरला, तिने चार दिवे लावले. चढला, चार विझवले. मनगटावरून घाम ओघळत होता आणि तिच्या डोक्याच्या बरोबर वर, दोन मजल्यांवर, तिसावी परण वाजत होती किंवा संपली होती.

बराच वेळाने नरहर जिना उतरून आले. डोळे लाल झाले होते. त्यांनी थर्मामीटर हातात घेतले आणि आधी ते वाचले.

"पारा हलू दिला नाहीत," ते म्हणाले.

"कशी होती?"

त्यांनी तोंड उघडलं, हात हवेत उचलले, एक थाप मारल्यासारखं केलं आणि खाली ठेवले. "मला कुठे सांगता येतंय, ताई."

बुवांना रिक्षात बसवून ती वर आली. पुन्हा वाजवाल का, असं विचारायचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण म्हाताऱ्याने रिक्षाच्या टपाला डोकं टेकून डोळे मिटले होते, आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की तिने हात जोडले आणि रिक्षावाल्याला जायला सांगितलं.

तिने टेपांच्या खोक्यांवर एकेक परणीचं नाव लिहिलं. एकोणतीस ओळी झाल्या. मग तिसावा आकडा घातला, क्षणभर पेन उचलून धरलं, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'परण तिसावी. श्रोते, नरहर गोरे. हवेवर, शरदिनी.'