तिसऱ्या ट्रम्पेटचा सूर

ट्रम्पेटच्या खटक्यांना तेल घालता घालता मास्तरांना पुन्हा ते पत्र आठवलं. उत्तर द्यायचं राहून गेलं आणि पत्र एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात खूण म्हणून फिरत राहिलं. एका कॉलेजात बँड बसवणाऱ्या बाईंचं होतं ते. त्यांनी विचारलं होतं, तुमच्या रचनेत शेवटी चारही ट्रम्पेट वर चढतात, तिथे तिसऱ्याचा सूर चौथ्याला घासतो. मुलांना तीच जागा फार आवडते. तो सूर मुद्दाम ठेवलाय की चुकून पडलाय? आम्ही तसाच वाजवायचा का?

मास्तरांनी उभा जन्म ट्रम्पेट फुंकला, मोठ्या जाझ बँडसाठी ढिगाने रचना बांधल्या. लोकांच्या लक्षात राहिली ती ही एकच, आणि तीही त्या घासणाऱ्या सुरामुळे. मुद्दाम म्हणावं, तर तसं काही आठवत नव्हतं. चूक म्हणावं, तर मग हाती काय उरलं?

आज मात्र त्यांना राहवेना. त्यांनी माळ्यावरची जुन्या कागदांची पेटी खाली काढली. मूळ कागदावर सगळ्या वाद्यांचे सूर एकाखाली एक, त्यांच्याच बारीक, भित्र्या अक्षरातले. तिसऱ्या ट्रम्पेटचा सूर तिथे वर होता, अगदी स्वच्छ. चष्मा पुसून त्यांनी वाजवणाऱ्याचा सुटा कागद शोधला. त्यात तोच सूर खाली उतरलेला. सुटे कागद तेव्हा बायको उतरवून द्यायची.

"अगं, जरा इकडे ये."

"हात ओले आहेत. तिथूनच बोला."

"हा सूर उतरवताना तू चुकलीस का?"

बायको पदराला हात पुसत आली. कागद लांब धरून तिने पाहिला.

"चुकतेय कशाला? बदलला मी तो."

मास्तर खुर्चीत टेकले.

"तिसरा ट्रम्पेट वाजवणाऱ्या फुग्याचा पुढचा दात तुटला होता ना तेव्हा. वरचा सूर निघेना त्याला. तुम्हाला सांगितलं तर दुसरा माणूस घ्याल, म्हणून माझ्याकडे आला रडकुंडीला. म्हटलं, खालचा निघतो का? निघतो म्हणाला. दिला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही पहिला ट्रम्पेट घेऊन त्याच्या शेजारीच होतात की. ऐकू आलं नाही?"

मास्तरांनी एक खटका दाबला, सोडला.

"आलं."

"मग?"

"वाटलं, माझंच लिहिताना चुकलं असणार. तेवढ्यात टाळ्या पडल्या."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आवरेना.

"पण इतका छान लागेल, हे तुला कसं कळलं?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

"मला कुठे कळलं? फुग्याला निघाला, एवढंच."

मास्तरांनी कोरा कागद ओढला. तो सूर माझा नाही, माझ्या पत्नीचा आहे, त्यांनी लिहिलं. तसाच वाजवायचा की नाही ते त्याच सांगतील. कागद त्यांनी तिच्यापुढे सरकवला. तिने उभ्याउभ्याच एक ओळ खरडली आणि पाकीट चिकटवून टाकलं.

दोघं कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी आल्यावर मास्तरांनी पाकीट फटीत अर्धं घातलं आणि थांबले.

"काय लिहिलंस?"

"विचारलंय, तुमच्या तिसऱ्या ट्रम्पेटवाल्याचे दात शाबूत आहेत का."

मास्तरांनी पाकीट सोडलं.