मुख्य बटण : उजवे

पडद्यावरच्या बाणाने पुन्हा उडी मारली आणि अस्वलाचा कान थेट त्याच्या पोटावर जाऊन चिकटला.

"राहू दे गं," म्हणत सासूबाईंनी माऊसवरचा हात तापलेल्या तव्यावरून काढावा तसा काढला. "या वयात नाही जमायचं मला हे."

सून शेजारीच बसली होती, प्लास्टरमधला उजवा हात उशीवर टाकून. गेल्या आठवड्यात ती जिन्यावरून घसरली होती. कापडी खेळण्यांचा धंदा दोघींचा. सासूबाई शिवायच्या आणि सून संगणकावर नमुने काढून कापणीच्या कारखान्याला पाठवायची. आता एका नव्या बालवाचनालयासाठी अस्वलं हवी होती. संध्याकाळपर्यंत नमुना गेला नाही, तर कारखाना दुसरं काम हाती घेणार होता, आणि वाचनालय अस्वलांविनाच उघडणार होतं. सकाळी सुनेने डाव्या हाताने प्रयत्न करून पाहिला होता. त्यातून निघाला तो कान फुटलेला बटाटा.

"आई, तुमच्या हाताचा दोष नाही, टेबलाच्या काचेचा आहे. माऊसच्या पोटातला दिवा खालचं बघत बघत पुढे जातो. काचेवर त्याला काही दिसतच नाही."

"मग आधी नाही का सांगायचं, आंधळा आहे म्हणून!"

सासूबाईंनी टोपलीतून फेल्टचा तुकडा काढून माऊसखाली पसरला. बाण शहाण्यासारखा चालू लागला. रेघ मात्र अजून थरथरत होती. त्यांनी दात-ओठ खाऊन ती ओढायचा प्रयत्न केला, तशी वायर ताणली गेली आणि माऊसचा लाल दिवा विझला. लॅपटॉपच्या उजव्या बाजूचं भोक आधीच ढिलं होतं, आता ते पुरतंच गेलं. सुनेने पिन काढून डाव्या बाजूला खोचली. दिवा लागला, पण आखूड वायर लॅपटॉपच्या मागून फिरवली तर अर्ध्या वाटेतच संपली.

"झालं!" सून म्हणाली. "आता डावीकडेच ठेवा, आई. कसंबसं भागवू."

सासूबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. मग डावा हात हळूच माऊसवर ठेवला.

बाण निघाला, अस्वलाच्या पाठीवरून अलगद वळला आणि नेमका कानाच्या टोकाशी येऊन थांबला. सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी पहिलं बोट दाबलं, तर पडद्यावर भलतीच यादी उघडली. पुन्हा दाबलं, पुन्हा यादी.

"हे काय मधेच?"

"तुमचं बोट उजव्या बटणावर पडतंय. थांबा, अदलाबदल करू."

लॅपटॉप जुना होता. सुनेच्या भावाने त्यात लिनक्स घालून दिलं होतं. फुकट मिळणारी प्रणाली, ठिकठिकाणच्या लोकांनी हौसेने लिहिलेली, कुणीही उघडून पाहावी, सुधारावी अशी. कुणा हौशींनी तिचं मराठीही केलं होतं. सुनेच्या सांगण्यावरून सासूबाईंनी माऊसच्या सेटिंगचं पान उघडलं. वर लिहिलं होतं 'मुख्य बटण', खाली दोनच शब्द : डावे, उजवे.

सासूबाईंनी ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"असं विचारतात?"

"विचारतात ना. ज्याला जसं हवं तसं."

"कोण विचारतं?"

"ज्याने लिहिलं तो. असेल कुठेतरी एखादा डावखुरा."

"त्याला कुणी मारलं नाही वाटतं," असं म्हणून सासूबाईंनी 'उजवे'वर टिचकी दिली.

त्यानंतर सुनेला सांगण्यासारखं फारसं उरलं नाही. एक कान झाला, दुसरा झाला. पंजे झाले. गुबगुबीत पोटाची रेघ तर त्यांनी एका दमात ओढली आणि स्वतःच खुदकन हसल्या. शिवणाची जागा सोडायला त्या विसरल्या नाहीत. वर अस्वलाला कुणी सांगितलं नसताना एक छोटीशी शेपटीही लावली.

"आई, शेपटी ऑर्डरमध्ये नाहीये."

"असू दे गं. बसायला बरी पडते."

नमुना गेला. कारखान्यातून 'मिळाला, शेपटी छान' असा निरोप आला, तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. सुनेने डाव्या हाताने कसाबसा चहा केला. निम्मा बशीत, निम्मा ओट्यावर.

"तुम्ही डावखुऱ्या आहात, हे कधी बोलला नाहीत," ती म्हणाली.

"मीच विसरले होते गं." सासूबाईंनी बशी तोंडाला लावली. "आमच्या आईला ते अशुभ वाटायचं. जेवताना, लिहिताना डावा हात पुढे आला की चिमटा. आईला कामं असायची, म्हणून चिमट्याचं खातं ताईकडे. पुढे ती मुख्याध्यापिका झाली त्यात नवल नाही. समोर बसायची, डोळा चुकवून चिमटा काढायची. असा, या हाता..."

दाखवण्यासाठी उचललेला डावा हात तसाच राहिला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे पाहिलं.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या आणि बशी खाली ठेवून त्यांनी फोन उचलला.

थोरली बहीण दुसऱ्या गावी एकटी राहायची. तिने फोन घेताच नेहमीप्रमाणे खडसावून विचारलं, "काय गं, बरी आहेस ना? अवेळी फोन?"

"बरी आहे. ताई, एक विचारायचं होतं. खरं सांग हं."

"काय?"

"घरात कुणी नसलं की तू भाजी कुठल्या हाताने चिरतेस?"

उत्तर ऐकायला सून पुढे वाकली. आणि मग मुख्याध्यापिकाबाईंचं हसू फुटलं, शाळा सुटल्यासारखं. ते इतकं मोठं होतं, की सासूबाईंना फोन कानापासून लांब धरावा लागला.