माळावरचं बिऱ्हाड

मी दुर्बीण बोलतेय. कात्रजच्या बापूरावांची. तुम्ही त्या भागातले असाल, तर मी तुम्हाला आधीच पाहिलेलं असणार.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यातला, तो काही नीट आठवत नाही. आठवतं ते कॅम्पातल्या दुकानाचं काचेचं कपाट. बाजार नुकता मोकळा झाला होता, परदेशी वस्तू उघड विकायला आल्या होत्या. मी दोन इस्त्र्यांच्या मध्ये उभी होते. बापूराव मिक्सर घ्यायला आले आणि मला घेऊन गेले. त्यांच्या पत्नी कुसुमताई मला बघून एवढंच म्हणाल्या, "हिच्यात चटणी कशी वाटायची, तेवढं सांगा."

पुढे पिंपरीच्या कारखान्याने बापूरावांना मुदतीआधीच घरी बसवलं. स्वेच्छानिवृत्ती म्हणायचं तिला. स्वेच्छा कुणाची होती ते मला दिसलं नाही, आणि मला बहुतेक सगळं दिसतं. तेव्हापासून बाल्कनी हीच त्यांची ड्यूटी. समोर कोण नवं राहायला आलं, कुणाकडचे पाहुणे हलायचं नाव घेत नाहीत, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी फिरायला जाताना काठी घेतली का, सगळं आम्ही दोघं बघायचो. "अहो, पडदा तरी ओढा," कुसुमताई म्हणायच्या. पण नजर वाईट नव्हती हो त्यांची. चार घरांत काय चाललंय हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागायचा नाही, इतकंच.

त्यांची मुलगी सृष्टी हिंजवडीत कॉम्प्युटरच्या चांगल्या नोकरीत होती. रविवार आला की ती मला गळ्यात अडकवून सुप्याकडच्या माळावरच्या अभयारण्यात जायची. एकदा जेवताना तिने विषय काढला, "बाबा, लांडग्यांचा अभ्यास करणारी मंडळी मला दोन वर्षांसाठी घेताहेत. मी नोकरी सोडायचं म्हणतेय."

बापूरावांचा हात ताटातच थांबला. "आणि दोन वर्षांनी?"

"मग बघू."

"मग बघू! नोकरी गेल्यावर काय होतं ते मी बघितलंय. तू नको बघूस. आणि आहे काय त्या माळावर? दगड आणि कुसळं!"

"एक दिवस चला माझ्याबरोबर. नंतरही नाही म्हणालात, तर राजीनामा देणार नाही. शब्द देते."

एप्रिलातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. लोणी काळभोर मागे पडलं, ऊस संपला आणि पिवळा माळ सुरू झाला. अभयारण्याच्या फाटकाशी वाटाडे गेनबा गाडीत बसले.

"काय काय दिसेल?" बापूरावांनी विचारलं.

"चिंकारा हायच, सायेब. बाकी जित्राबाच्या मनावर हाय."

चिंकारा खरंच दिसला. बाभळीआडून निघाला आणि असा उडाला, की पाय टेकले कधी ते मातीलाही कळलं नसेल. बापूराव म्हणाले, "छान आहे. शेळीसारखं." सृष्टीचा चेहरा पडला.

दुपारी पाणवठ्यासमोरच्या बांधावर, कडुनिंबाखाली डबे सोडले. आणि जेवण झाल्यावर पुणेकर जे करतो तेच बापूरावांनी केलं. पंचा अंथरला, "काही आलं तर उठव गं," म्हणाले आणि डाव्या कुशीवर आडवे झाले. वामकुक्षी! मी त्यांच्या गळ्यातच. सृष्टी गेनबांबरोबर मागे गाडीत जाऊन बसली. तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका दिवसावर टांगलेलं, आणि वडील घोरताहेत.

तेवढ्यात समोरची मातीच उठून चालायला लागली.

लांडगीण होती. उन्हाच्या रंगाची, लांब काटक पायांची. पाण्याशी येऊन थांबली. भोवती एवढा मोठा माळ, एवढं मोठं आभाळ, आणि सगळं जणू तिच्यासाठी गप्प झालेलं. माझ्या काचेत ती मावली खरी, पण ते तिचं येणं काही मावलं नाही.

गाडीत सृष्टी दगडासारखी बसली असणार. हाक मारावी तर जनावर पळणार, न मारावी तर बाबा झोपेतच राहणार. आणि त्यांची उठतानाची जांभई अशी, की खालच्या मजल्यावरची मांजरं पळायची.

बापूरावांचे डोळे उघडले. जांभई आलीच नाही. डाव्या कुशीवर होते, म्हणून तोंड बरोबर पाण्याकडे आणि नजर गवताच्या उंचीची. वारा तिच्याकडून आमच्याकडे. गवतात आडवा पडलेला हा गृहस्थ तिला कळलाच नाही.

त्यांनी मला हळूच डोळ्यांना लावलं.

लांडगिणीने बारीक आवाज काढला. झुडपातून तीन पिल्लं धडपडत आली, तिच्या तोंडाशी झोंबली. तिने मान खाली घातली आणि पोटात साठवून आणलेलं त्यांच्यापुढे ओतलं. इतकी वर्षं मी बापूरावांच्या डोळ्यांना टेकतेय, पण त्यांच्या पापणीचं पाणी माझ्या काचेला लागलं ते त्या दिवशी.

बिऱ्हाड झुडपात गेल्यावर सृष्टी वाकून जवळ आली. बापूराव तसेच पडून, कुजबुजत म्हणाले, "तिसरं मागे राहतं. उजवा पाय टेकत नाही. आईने त्याच्यासाठी शेवटचा घास राखला, पाहिलंस?"

"पाहिलं."

"बाप कुठे असतो यांचा? रोज इथेच येतात? पावसाळ्यात कुठे राहतात?"

"तेच तर शोधायचंय, बाबा."

"हं."

परतताना चौफुल्याशी त्यांनी मला स्वतःच्या गळ्यातून काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "सोमवारी दे राजीनामा. पण त्या तिसऱ्याचं काय झालं ते मला दर आठवड्याला कळलं पाहिजे. अर्धवट सांगितलेलं चालणार नाही."

तेव्हापासून मी माळावर आहे. अंगावर ओरखडे आले, पट्टा दोनदा शिवून झाला. रविवारी फोन वाजला की पलीकडून आधी "तिसरं कसं आहे?" आणि मग "तू जेवलीस का?"

परवा सृष्टीला सांगावं लागलं, की पंधरा दिवस झाले, ते दिसलेलं नाही. बापूराव सकाळच्या पहिल्या एसटीने सुप्याला येऊन उतरले.

आत्ता आम्ही तिघं बांधामागे पडून आहोत. दोन पिल्लं येऊन गेली. झुडूप अजून हलतंय, कोण आहे ते कळत नाही. माझी एवढीच विनंती आहे, तुम्ही या रस्त्याने जात असाल, तर जरा हॉर्न वाजवू नका.