वरच्या वळणावर

कुदळीचा घाव पडला तसा ठण्ण आवाज झाला. नाथाजीने पुन्हा घाव घातला. ओढ्याकाठची माती ती, पण कुदळ बोटभरही आत जाईना.

“आबा, दगड लागला व्हय?” तंबूंपाशी चूल पेटवणाऱ्या सुनेने, दीपमालाने विचारलं.

“दगड कुठला! मातीच हाय. तुडवून तुडवून अशी झालीया.”

पाटणच्या वरच्या अंगाच्या या ओढ्यावर नाथाजीने वनमजूर म्हणून तीस वर्षं काढली होती. काठावरची वाळुंजं, करंज, जांभळं त्यानेच लावलेली. त्यांच्या मुळांनी काठ आवळून धरला होता. मग त्याचा मुलगा उदयसिंह कामाला होता ती पुण्यातली कंपनी बंद पडली आणि तो गावी येऊन इथे पर्यटकांसाठी तंबू लावू लागला. शनिवार आला की गाड्या थेट पाण्यापर्यंत येत. आधी गवत गेलं, मग रोपं गेली. चाकांनी मोठ्या झाडांची मुळंही सोलून निघाली. नाथाजीने काट्यांचं कुंपण घातलं, तर पाहुण्यांनी ते शेकोटीत घातलं.

“उदय, एक वरीस तरी काठ मोकळा सोड रं.”

“सोडतो की. मग पोरीला घेऊन कुठं जाऊ, तेबी सांगा.”

नवीन रोपं लावायला खड्डेच होईनात, तेव्हा नाथाजीने कुदळ घरी नेऊन ठेवली.

ऑगस्टात पाच दिवस पावसाने उसंत दिली नाही. सहाव्या सकाळी काठ खचला. झाडं मुळांसकट ओढ्यात आडवी झाली आणि त्यांच्यामागची गावातल्या अर्जुनाबाईची दोन भातखाचरं पाण्याने ओढून नेली. अर्जुनाबाईचा नवरा फौजेत असताना वारला होता. तिचं पोट त्या खाचरांवर होतं.

नाथाजी गेला तेव्हा ती तुटलेल्या कडेला उभी होती. ती ओरडेल, शिव्या देईल, या तयारीनेच तो आला होता.

“भावजी,” ती म्हणाली, “तुमी हाय म्हणून मी कवा काठाकडं बघितलंच न्हाई.”

एवढंच बोलून ती घराकडे वळली.

दिवाळीनंतर उदयसिंह अंगणात येऊन उभा राहिला. “आबा, खाली आता तंबूला जागा उरली न्हाई. वरच्या वळणाला सपाटी हाय म्हनं. वाट तुमालाच ठावी.”

आत नात मोठ्याने धडा वाचत होती. नाथाजी उठला आणि त्याने कोयता घेतला.

वरच्या वळणाला अजून कुणा पाहुण्याचा पाय लागला नव्हता. नेच्यांची दाटी होती, ओल्या मातीत जांभळाची कोवळी रोपं उगवून आली होती. निरगुडी तोडत नाथाजीने वाट केली.

“काका, काय भारी जागा आहे!” मागून येणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

नाथाजी रोपं चुकवत, दगडादगडावर पाय ठेवत पुढे चालला. मागची चौदा माणसं मात्र मातीतून येत होती.