सुरेख इंग्रजीतलं पत्र

पस्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. कविता कशाला, मुलांना अर्ज लिहायला शिकवा, असं म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाशी मी भांडलो. साहित्य वाचलं की माणसाला दुसऱ्याचं दुःख कळतं, हे माझं ठरलेलं वाक्य. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

माझी बायको हॉस्पिटलात गेली. पित्ताशयातल्या खड्यांचं साधं ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या पेशंटचं इंजेक्शन हिला दिलं आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. हे आम्हाला एका नर्सनं जिन्यात, इकडेतिकडे बघत सांगितलं. हॉस्पिटलचं म्हणणं, हृदय बंद पडलं. मुलानं आणि मी चौकशी समितीकडे तक्रार केली. आमची चूक झाली, एवढं त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. बाकी एक छदाम नको होता.

सुनावणीला आठवडा होता, तेव्हा हॉस्पिटलचं पत्र आलं. दोन पानं, इंग्रजीत. आणि काय इंग्रजी! खिडकीजवळच्या त्या खाटेकडे नर्सेसची नजर अजून जाते, असं लिहिलं होतं. सकाळी चहाचा एकच कप काढावा लागतो, त्याबद्दल एक वाक्य होतं. तिथे मी ढसाढसा रडलो.

मुलगा वायरमन आहे. दहावीला इंग्रजीत काठावर सुटला होता. त्यानं एकेका ओळीवर बोट ठेवत पत्र दोनदा वाचलं.

"बाबा, आईची खाट दारापाशी होती. आणि चूक झाली असं यात कुठे लिहिलंय?"

मी असा उखडलो त्याच्यावर! तारा जोडण्यापलीकडे तुला काय कळतं, म्हटलं. असं लिहिणारा माणूस आतून हललेला असतो, हाच त्याचा कबुलीजबाब. दुसऱ्याच दिवशी मी तक्रार मागे घेतली. एकदा मागे घेतली की पुन्हा करता येत नाही, असं तिथल्या कारकुनानं दोनदा बजावलं, तरी सही ठोकली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण मला त्या लिहिणाऱ्याला भेटायचं होतं. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, फायलींच्या कपाटाआड एक मुलगी बसली होती. मला बघून ती चटकन उभी राहिली. माझीच विद्यार्थिनी, निबंधात कायम पहिली.

काय आनंद झाला तिला! ही नोकरी माझ्यामुळेच मिळाली, म्हणाली. मुलाखतीत सांत्वनाचं पत्र लिहायला दिलं होतं आणि मी शिकवलेलं सगळं कामी आलं. महिन्याला आठ-दहा पत्रं असतात, त्यानंतर तक्रारी सहसा पुढे जात नाहीत.

"तुम्ही वाचणार हे माहीत होतं, सर. म्हणून चार वेळा लिहून काढलं."

हिच्या उपचारांचे कागद वाचले होतेस का, मी विचारलं. कागद आम्हाला दाखवत नाहीत, ती म्हणाली. नाव, वय आणि मागे कोण आहे, एवढंच कळवतात. खिडकी ती बहुतेक पत्रांत घालते, वाचणाऱ्याला बरं वाटतं.

मला ओरडायचं होतं, पण मी चष्मा काढून पुसायला लागलो. मी आता पत्र तपासणार असं तिला वाटलं असावं. तिनं पत्राची प्रत काढून माझ्यापुढे ठेवली, पेन दिलं आणि काही राहिलंय का, असं विचारलं. सांगायला लाज वाटते, पण पस्तीस वर्षांची खोड. दुसऱ्या पानावर तेच विशेषण दोनदा आलं होतं. मी एक खोडलं. तिनं मनापासून आभार मानले आणि पुढच्या लोकांसाठी कॉम्प्युटरवर ठेवलेल्या नमुन्यातही लगेच दुरुस्ती केली.